तात्यांना दिसेल असा धडा

१२ जुलै १९९९, सोम.
झालं एकदाचं. मी केलेला सातवीचा नद्यांचा धडा इंटरनेटवर चढला. बारामतीच्या कॉम्प्युटर सेंटरवर उघडून पाहिला. वर मथळा सरकतोय, खाली नीरा-भीमेचा रंगीत नकाशा, मग शिक्षकांसाठी प्रश्न, उपक्रम. तालुक्यातल्या कुठल्याही गुरुजींनी उघडावं अन् वर्गात जावं. ह्यांना एमआयडीसीतून सुटल्या सुटल्या तिथंच बोलावलं. म्हणाले, "छान आहे. जेवायचं काय?" ह्या माणसाला कशाचं कौतुक म्हणून नाही.

१७ जुलै, शनि.
भवानीनगरच्या शाळेत गेले होते. तात्या भेटले. मला शाळेत भूगोल शिकवला तो तात्यांनीच. अजून डाळजहून एसटीनं येतात. म्हणाले, दिवाळीनंतर नोकरी सोडतोय, हेडसरांच्या कानावर घातलंय. नजर फार गेलीय, चष्म्याचाही उपयोग नाही.
"जुनं पुस्तक तोंडपाठ हुतं, पोरी. आता पुस्तक बदललं. भिंगानं एक ओळ वाचंस्तवर पोरं दंगा करत्यात."
मी छातीठोकपणे सांगून आले की तात्या, माझा धडा नव्याच पुस्तकाचा आहे, कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. तात्या नोकरी सोडतात म्हणजे काय? सोडू देणार नाही.

२५ जुलै, रवि.
तात्या बारामतीला आले. पार फजिती. मथळा सरकायला लागला तर म्हणाले, "हे मेंढरू पळतंय कुठं? थांबीव आधी." (घरात पूर्वी मेंढरं होती, तेच तोंडात येतं.) मग अक्षर मोठं करायला गेले. होईना.
होणार कसं? दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला मराठी फॉन्ट नसला की नुसत्या किड्यामुंग्या दिसतात, म्हणून मी शहाणीनं अख्ख्या धड्याचं चित्रच करून टाकलेलं. चित्रातलं अक्षर वाढत नाही. ताणलं तर ठोकळे.
तात्यांनी टोपी सारखी केली. "मेहनत दिसती तुझी. अक्षर तेवढं दिसत न्हाय." स्टँडवर सोडून आले. घरी येऊन रडले, खरं सांगायचं तर.

२६ जुलै
भाकऱ्या थापताना सुचलं. चित्र नकोच. मजकूर मजकूरच ठेवायचा आणि फॉन्ट फ्लॉपीवर घेऊन आपणच शाळेत जायचं. एकदा घातला की कायमचा. मग प्रत्येक शाळेला एक फ्लॉपी! भाकरी करपली. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

२ ऑगस्ट
तात्यांनी डाळजच्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप धाडला: "फळ्यावानी कर. काळ्यावर पिवळं." केलं. मथळा जागच्या जागी उभा केला. नकाशाखाली नकाशा शब्दांत लिहिला: नीरा पश्चिमेकडून येते, तालुक्याच्या दक्षिण कडेनं जाते... बघायची गरज नाही, कुणी वाचलेलं नुसतं ऐकूनही वर्गात सांगता येईल. हे आधी का सुचलं नाही? आता सगळेच धडे असे करायचे. हात शिवशिवतायत.

१४ ऑगस्ट, शनि.
शाळेतच बसून लिहितेय. इथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बसला. फोन लागता लागेना, मग लागला, मोडेम किंचाळला, पान वरून खाली सावकाश उतरायला लागलं. अक्षर मोठं केलं. अजून मोठं. एका ओळीत चार-पाचच शब्द.
तात्या नाक टेकेल इतके पुढं झाले. "नी-रा," म्हणाले. मग, "नीरा पश्चिमेकडून येते." मग वर्गातल्या आवाजात, खणखणीत, तालुक्याच्या दक्षिण कडेपर्यंत. मला एकदम बाकावर बसल्यासारखं झालं. हेडसर दारात येऊन उभे राहिले.
आणि फोनची लाईन गेली. पुढचं पान उतरलंच नाही.
मला धीर कुठला. विचारलंच, "तात्या, दिवाळीनंतरचं काय मग? सोडताय का?"
डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. "घाई करू नगं. नीरा भीमेला मिळती का न्हाय, ते वाचल्याबिगर कसं सांगू?"
पस्तीस वर्षं हेच शिकवलंय त्यांनी.
हेडसर दारातच, तात्या खुर्ची सोडत नाहीत. मी फोन फिरवतेय. एंगेज. परत फिरवते.