उसनी बोरमाळ

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायची माझी खोड काही गेलेली नाही. आज मात्र भांडायला बसले नाही. पेन्शनच्या कामानं नगरला गेले होते, परत येताना एसटीत सारखी तूच डोळ्यांपुढं येत होतीस, बोरमाळ घातलेली. तुझ्या गळ्यात बोरमाळ मी एकाच दिवशी पाहिली, आणि तीही तुझी नव्हती.

तो दुष्काळाचा उन्हाळा. आपल्या कर्जतकडच्या रानात हिरवं म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं. वडील, आपले दादा, गाव सोडून दूर तलावाच्या कामावर, तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, आणि घरात रेशनचा लाल मिलो, ती परदेशातून आलेली हलकी ज्वारी. त्याची भाकरी थापतानाच फाटायची आणि तू त्या मिलोला शिव्या घालायचीस. मी अकरावी पास होऊन घरात बसलेली. नगरला नर्सच्या शिक्षणाला माझा नंबर लागला होता, पण वसतिगृह, जेवण, कपडे, पुस्तकं, हे कुठून आणायचं? शाळेतल्या गुरुजींनी बिचाऱ्यांनी चार ठिकाणी चौकशी केली, तेव्हा कळलं की नगरची एक संस्था गरिबाघरच्या मुलींचा हा खर्च उचलते. अर्जही त्यांनीच लिहून दिला. मग निरोप आला, संस्थेचा माणूस घरची परिस्थिती बघायला येणार. मदत मिळाली नाही तर जागा जाणार आणि मी तुझ्याशेजारी खडीवर बसणार, हे आपल्या दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

गुरुजींनी बजावलं होतं, घर आहे तसं दाखवा. पण तू ऐकशील तर ना! नगरचा माणूस पोरीसाठी घर बघायला येतोय म्हटल्यावर तुझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, सोयरीक जुळवायला येणारे पाहुणे. "आसं उघडंबोडकं घर दावायचं व्हय? नावं ठिवतील. म्हनतील, ह्या घरची पोर काय शिकनार हाय?" मीही तुझीच लेक, मलाही ते पटलं. कामावर खाडा केलास आणि सगळी आळी पालथी घातलीस. काकूकडून पितळी ताट, तांब्या आणि फळीवर मांडायला घागरी. मावशीकडून गव्हाचं पीठ, गूळ आणि वाटीच्या तळाला लागेल एवढं तूप. पाटलीणबाईंची सतरंजी, आणि शेवटी त्यांच्याच गळ्यातली बोरमाळ. मी राख घेऊन घागरी घासत बसले. घर असं काही झळकायला लागलं की मलाच तिथं परक्यासारखं वाटायला लागलं!

पाहुणे दुपारी आले. साठीकडं झुकलेले, धोतर, कोट, घामानं निथळत. ज्या दिवसांत आपण तोंड धुतलेलं पाणी सांडू देत नव्हतो, त्या दिवसांत तू त्यांना पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलंस. मग पोळ्या, गुळवणी, वर तूप. "घ्या भाऊ, लाजू नगा, आपलंच घर हाय," म्हणत तू वाढत राहिलीस. ते नको नको म्हणत जेवले. हात धुतले, फळीकडं पाहिलं, तुझ्या गळ्याकडं पाहिलं आणि फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, देवाच्या दयेनं तुमचं बरं चाललंय. आमच्याकडं पैसा थोडा आणि मुली फार. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही, त्यांना आधी बघावं लागतं."

आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं, आणि मी भोकाड पसरलं. तू रडली नाहीस. आत गेलीस, ताट घासलंस, घागरी उतरवल्यास, सतरंजीची घडी केलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, "भाऊ, यष्टीला येळ हाय अजून. माज्यासंगं जरा चला."

ते का उठले कुणास ठाऊक, पण उठले. तू पुढं, ते मागं, आणि उरलेल्या घागरी घेऊन मुसमुसत मी. काकूच्या दारात तू उभी राहतेस आणि चांगलं मोठ्यानं म्हणतेस, "काकू, ह्ये तुमचं ताट न् तांब्या, ह्या घागरी. पाव्हन्यासाठी नेल्या हुत्या. आमच्यात न्हाईत." मावशीच्या दारात म्हणतेस, "पीठ, गूळ, तूप समदं तुमचंच. आत्ता फकस्त वाटी आनलीय." आपल्यात उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तू रिकामंच दिलंस. पाटलीणबाईंच्या ओट्यावर बोरमाळ काढताना मात्र फासा काही सुटेना. त्यांच्या सुना दारात येऊन बघत होत्या. पाहुण्यांकडं वळून तू म्हणालीस, "आमी गरीब हाय, भाऊ." हे शब्द त्याआधी तुझ्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. नंतरही नाही, दादा अंथरुणाला खिळले तेव्हासुद्धा नाही.

घरी येऊन तू मिलोच्या पिठाचा डबा त्यांच्यापुढं उघडा केलास. पाहुणे शेणानं सारवलेल्या भुईवरच बसले. "तुम्ही जेवलात का बाई?" त्यांनी विचारलं. तू पदर सारखा करत राहिलीस. पोळ्या त्यांच्यापुरत्याच झाल्या होत्या. ते म्हणाले, "सोमवारी मुलीला घेऊन नगरला या. संस्थेत काय सांगायचं ते मी सांगतो." तोवर त्यांची एसटी निघून गेली होती, म्हणून ते गुरुजींकडं मुक्कामाला राहिले.

आई, मी शिकले. पांढरे कपडे घातले, किती बायकांची बाळंतपणं केली, दादांचं औषधपाणी केलं, तुला शेवटी खडीवरून उठवून घरी बसवलं. उपकार म्हटलं की तू खेकसायचीस, तरी आज म्हणते, तुझे माझ्यावर फार फार उपकार आहेत. लोक पोरीच्या शिक्षणाला शेत विकतात, दागिने मोडतात. तुझ्याकडं एक ताठ मान होती, ती तू सगळ्या आळीसमोर खाली घातलीस.

हे पत्र टाकणार तरी कुठं? राहू दे इथंच. एकच सांगायचं राहिलं. मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यात सत्कार केला सगळ्यांनी. एका नव्या पोरीनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही तेवढ्या दुष्काळात शिकलात कशा?" हातात माइक होता, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "मार्क चांगले होते, शिष्यवृत्ती मिळाली." तू पाटलीणबाईंच्या ओट्यावर म्हणालीस, तेवढंच म्हणायचं होतं गं. मला नाही जमलं.