फक्त रविवारी लाल दिवा

रविवार, ९ नोव्हेंबर

अकरा वाजले. बारा वाजले. सुरजचा फोन नाही! भिंतीवरच्या नेटच्या डब्यावर लाल दिवा.

पोरानं मला न विचारता लग्न केलं म्हणून मीच म्हणालो होतो — माझ्या दारात येऊ नको. दोन वर्षं आला नाही. हैदराबादलाच राहिला. नात झाली तेव्हा आईला तिचं तोंड दिसावं म्हणून हा कॉम्प्युटर पाठवला. मागचे दोन रविवार माझी बायको जनका पडद्यासमोर बसून बोलली. मी कोपऱ्यात बसलो. तिथून मला नातीचा एक पाय दिसला. सारखी झाडत होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवा हिरवा! मी तर काहीच केलं नाही!

तरी शिरड शहापूरच्या मेकॅनिकला विचारलं. "काका, त्यात विंडोज न्हाई, लिनक्स हाय. मी हात लावत न्हाई." हात लावला तर चावतं की काय?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

केबलवाला उत्तमसिंग येऊन गेला. काळी चौकट उघडून पिंग लिहायचं, पुढे आकडे. म्हणजे हाक मारायची. आधी घरातल्या डब्याला, मग दूरच्याला — त्याचे आकडे चार वेळा आठ. "डब्यानं ओ दिली अन् दूरच्यानं न्हाई, तर खोट डब्याच्या पुढं," म्हणाला.

मी चौथी शिकलेला. एका बोटानं सात वेळा चुकलो. आठव्यांदा डब्यानं ओ दिली! ओळीमागून ओळ! थांबवायचं कसं तेच विसरलो. मग दूरच्यालाही हाक मारली. त्यानंही दिली. कुठे असेल तो? माझी ना ओळख ना पाळख, तरी ओ देतो! मात्र हाक मारली नाही तर दोघंही गप्प बसतात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डबा — ओ. दूरचा — ओ.

रविवार, १६ नोव्हेंबर

नऊ वाजता दोघांनी ओ दिली. साडेदहाला अंघोळीला गेलो. अकराला पाहतो तर डबा बोलतोय, दूरचा गप्प. लाल दिवा! वर बघत बघत खांबापर्यंत गेलो. वायर कुठे तुटलेली नाही, माकडांनी ओढलेली नाही.

फक्त रविवारीच का?

जनका म्हणाली, "बसा आता, भाकर खा. नेटलाच तकलीफ हाय, पोराला न्हाई."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

"काका, नेटला बी रविवारची सुट्टी पायजे का!" उत्तमसिंग हसत आला. वायरीत उजेड सोडून पाहिला. वायर साबूत. मग डब्यात खोचलेलं वायरीचं हिरवं टोक काढून माझ्यापुढे धरलं.

"हे काय लागलंय?"

ज्वारीचं पीठ. वाळलेलं, बोटाच्या ठशासकट.

त्यानं टोक पुसून परत खोचलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जनका भाकरी थापत होती. विचारलं तरी हात थांबला नाही.

"व्हय, मीच काढते. अन् रात्री परत लावते."

"काहून?"

"पोरगं माझ्या फोनवर म्हणलं, बाबा कोपऱ्यात बसतात, एक शब्द बोलत न्हाईत. आता त्यांनी फोन लावला तरच बोलीन. हे तुमाला कसं सांगू? दर रविवारी तुमी इस्त्रीचा सदरा घालून बसता. नेट बिघडलं म्हणलं की निदान जेवता तरी."

सदरा तिच्या लक्षात आला असेल असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दोघंही ओ देतात. तीनदा पाहिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

मीच लावला. पडद्यासमोर बसून. तिसऱ्या घंटीला —

"बाबा?"

मी ओ दिली.