ग्रेसचे दोन मार्क

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र आणि स्वेटर दोन्ही पोचले. स्वेटरची एक बाही लांब आणि एक आखूड आहे, पण मी काही बोलत नाही. बोललो तर उसवून पुन्हा विणायला घेशील, आणि तोवर इथली थंडी संपेल.

होस्टेल अर्धं रिकामं आहे. गेल्या वर्षी पदवी घेतलेले सगळे आघाडीवर गेले. उरलेल्यांत हुशार कोण, तर जो जास्त वेळा नापास झाला तो. माझा रूममेट लंबू शेवटच्या वर्षाला तिसऱ्यांदा बसलाय. "शिकतोय तोवर भरती नाही," असं म्हणतो आणि डोक्यावरून पांघरूण घेतो. खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि वीज असतेच असं नाही. मेसमध्ये जे वाढतात त्याला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. ठेवायला ते काय आहे हे तर कळायला हवं! ताई, कंटाळलोय गं. भीतीचासुद्धा कंटाळा येतो हे मला माहीत नव्हतं.

बाकी ठीक. मोजे पुरतात. खोकला कमी आहे.

पेपरचं काय झालं, असं तू पुन्हा विचारलंयस. मागच्या पत्रात मी ते टाळलं होतं. आता सांगतो.

"या वेळी दांडी उडू दे रे बाबा," असं तू लिहिलं होतंस, आणि मी तसं ठरवूनच बसलो होतो. गणिताचा एक पेपर उडाला की झालं, आणखी वर्षभर विद्यार्थी. पण कोरा पेपर दिला तर मुद्दाम केलं म्हणून कॉलेजातून नाव कापतात आणि थेट भरतीला धाडतात, त्यामुळे थोडंफार लिहिणं भाग होतं. आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. एक गणित इतकं छान सुटत गेलं की मला हात आवरेना. शेवटपर्यंत सोडवलं. मग घाबरून बाकीच्यांचा विचका केला आणि मनातल्या मनात बेरीज केली. तेहतीस. पस्तीसला पास. मी खुशीत बाहेर पडलो.

आमचे गणिताचे सर म्हातारे आहेत. तरुण प्राध्यापक युद्धावर गेले म्हणून त्यांना निवृत्तीतून परत बोलावलंय. कानाने अधू, आणि फळ्यापलीकडचं जग त्यांना फारसं ठाऊक नाही. आज सकाळी त्यांनी मला वऱ्हांड्यात हाक मारली. इतका खूश चेहरा मी इथे कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"अरे, दोन मार्कांवर अडला होतास! ते एक गणित काय सोडवलंयस! असा मुलगा दोन मार्कांपायी वर्ष घालवणार? छे! ग्रेस दिले मी. जा, घरी कळव."

"सर, नको होते," मी म्हणालो.

"काय?" त्यांनी कान पुढे केला.

"थँक यू, सर," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांना शिव्या देऊ नकोस. काठावरच्या पोरांना त्यांनी जन्मभर असंच वर ओढलंय. मला बोलावणं आलं, तर ते त्यांना मुळीच कळवू नकोस.

तर मी पास झालो, ताई. महिन्याभरात हजर व्हायला सांगतील. लंबूला सांगितलं तेव्हा तो पांघरूण बाजूला करून उठून बसला. मला भीती वाटते. खूप वाटते. आईला एवढंच सांग की पास झालो. तिला आनंद होईल, तो थोडे दिवस तरी टिकू दे.

पुस्तकं तुझ्याकडे पाठवतोय, वरच्या फळीवर ठेव. स्वेटर मी नेतोय.

पाढा चुकला की तू कान पिळायचीस, म्हणून तर मी शिकलो. आयुष्यात एकदाच तू मला नापास हो म्हणालीस, आणि तेवढं माझ्याकडून झालं नाही.

तुझा,
पास झालेला भाऊ