अप्पांना ऐकू न आलेलं

कुवेतच्या गोदीत सोळा वर्षं जहाजांचे पत्रे ठोकून शिवानंदअप्पा सोलापूरला परत आले, त्याला तीन महिने झाले होते. गेले दोन दिवस लेक महेश्वरी त्यांच्याशी बोलत नव्हती. आज कामावर जाताना मात्र ती त्यांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवून गेली.

"अप्पा,

परवा मी म्हणाले, अक्कलकोटचं स्थळ मला नको. तुम्ही हसून म्हणालात, 'व्हय, लई चांगलं हाय की.' मला वाटलं, माझ्या मनाचं तुम्हाला काहीच नाही. म्हणून मी अबोला धरला.

आज सकाळी तुम्ही गॅसकडे पाठ करून उभे होतात. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं. कुवेतहून फोनवरही तुम्ही सगळ्याला 'व्हय, व्हय'च म्हणायचात. किती वर्षं लपवलंत, अप्पा? माझं चुकलं.

चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी अर्धी रजा टाकून येते. भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घ्या. आईला अजून काही सांगितलं नाही.

आणि ते स्थळ मला खरंच नको.

महेश्वरी"

अप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चपला घालून ते शेजारी भावाकडे गेले.

"निंगप्पा, अक्कलकोटला नको म्हणून कळव. पोरीच्या मनात न्हाय."

निंगप्पानं काहीतरी विचारलं. अप्पांनी कानामागे हात धरला.

"मला ऐकू येत न्हाय रं," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं बोल."