बत्तीस नावं

२२ सप्टेंबर २०२५
एकाच दिवसात नोकरी आणि खोली! कासार आंबोलीत रत्नाबाईंच्या माडीवर उतरले आहे. खिडकीबाहेर भातखाचरं. बाईंनी आल्याआल्या गरम भात आणि कालवण पुढं ठेवलं, नाव नंतर विचारलं. त्यांचा मुलगा कैलास पिरंगुटच्या कारखान्यात, तिथंच मीही. आम्ही गाड्यांच्या इंजिनांचे भाग करतो. मालकांचा जर्मनीतला कारखाना बंद झाला आणि तिथलं एक भलंमोठं मशीन कंटेनरमधून इथं आलं. ते चालू करायचं माझ्याकडं.

२५ सप्टेंबर
मशीन उघडलं. आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरल्यासारखी वीस-बावीस जर्मन नावं, एकाखाली एक. शेवटी कारखाना बंद झाल्याची तारीख. तीस-तीस वर्षं राबलेली माणसं एका ईमेलवर घरी बसवली. आमचे मॅनेजर पियूष साहेब म्हणाले, त्यांचं गेलं म्हणून तर आपल्याला मिळालं. मी पाठ फिरवली. पण पगार मीही त्यातलाच घेणार.
तेलाच्या टाकीत काळा गाळ होता, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तीनदा धुतली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशीनला झेंडू, हळदकुंकू, नारळ. माझा विश्वास नाही, पण नवी आहे, म्हणून उभी राहिले. कैलास म्हणाला, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घ्यावं लागतं, न्हाईतर देवाला कळणार कसं? हजेरीची यादी माझ्याच हातात होती. सभा गाजवायची जुनी सवय. खड्या आवाजात बत्तीस नावं वाचली आणि म्हणाले, यांच्या पोटाला कमी पडू देऊ नकोस. पहिलं सगळ्यांत जुन्या मल्हारदादांचं. शेवटचं माझं, हेमलता. टाळ्या पडल्या.
साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच वर, एसी चालू.

६ ऑक्टोबर
धुतलेली टाकी गाळानं भरली आहे. पत्र्यावर जर्मन नावांखाली ‘मल्हार’. कैलासला विचारलं, चेष्टा कुणाची? तो चिडला.
संध्याकाळी मल्हारदादांना पत्र. तिकडं जर्मनीत गाड्या खपत नाहीत, म्हणून इथं बावीस वर्षांची नोकरी खलास.

९ ऑक्टोबर
आज दहावं नाव. आधी नाव उमटतं, मग पत्र येतं. मी वाचली त्याच क्रमानं.
साहेबांना पत्रा दाखवला. नाकाला रुमाल लावून ते हसले. म्हणाले, बरं झालं, कुणाला काढायचं ते ठरवायचा माझा ताप वाचला.
हा माणूस त्या टाकीपेक्षा घाण आहे.

१३ ऑक्टोबर
कैलास. ग्राइंडर लावून नाव घासलं. लोखंड होतं, पण वास जळक्या कातडीचा आला. जेवणाच्या सुट्टीनंतर नाव पुन्हा तिथंच. पाचला पत्र.

१५ ऑक्टोबर
कैलास न्हाणीतून बाहेर येत नाही. मोरीतून काळं पाणी वाहतंय. त्याच्या नखांतून तेच झिरपतंय, तोच वास. मल्हारदादांच्या घरीही हेच, म्हणे.
रत्नाबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “पोरी, सकाळधरनं पाचांदा न्हायला, वास जाईना. तू शिकलेली हायेस. काय केलंत गं तितं?”
मी नाव वाचलं त्याचं. मी. बादली भरून न्हाणीशी ठेवली.

१७ ऑक्टोबर
एकतीस झाली. उरले मी.
पूजेत मी न घेतलेलं एकही नाव त्यात नाही — आज लक्षात आलं. मग मशीनपुढं साहेबाचं नाव घेतलं. मालकांचं. जर्मनीतल्या संचालकांची, एकेक, छातीच्या जोरावर — काढायचं ठरवणारी हीच माणसं, घे त्यांना —
टाकी ढवळली. भडाभडा ओकली, माझ्या पायांवर. पत्र्यावर नवं नाव एकही नाही.
त्यांची नावं तिलाही पोटात ठेववत नाहीत.

१८ ऑक्टोबर, सकाळी
नखं काळी. भात तोंडात घेतला — तेल. रत्नाबाईंनी ताट उंबऱ्याबाहेरूनच सरकवलं.

दुपारी
मशीनजवळ. पाठ पत्र्याला लावून लिहितेय, म्हणजे कोरायला जागा मिळणार नाही —
आवाज शिल्लक आहे. बाकी एकतीस जणांसाठी तोच हवा. फाटकापाशी उभी राहीन, साहेबाची काच खाली करायला लावीन आणि सगळ्यांदेखत —
तोंड उघडलं. वहीवर काळं सांडलं. पुसते.
खरवडतंय. पत्र्यावर नाही. माझ्या पाठीवर —
हे
म