दक्षिणेकडच्या खोलीचा फोटो

१२ नोव्हेंबर

देव्हाऱ्यातला ह्यांचा फोटो आज कपाटात गेला. टॉवेल आणि जुन्या चादरींच्या मध्ये. "घर बघायला येणाऱ्यांना गेलेल्या माणसाचा चेहरा नको असतो, काकू," निशिवाकीबाई म्हणाल्या. बोलतात गोड. विकायची घरं सजवायची आणि फोटो काढून द्यायचे, हाच त्यांचा धंदा. दलाल उराबेसाननी पाठवल्या.

फोटो कपाटात ठेवताना ह्यांना मनातल्या मनात म्हटलं — थोडेच दिवस हो.

बरंच काही गेलं. औषधांचे डबे. तांदूळवाल्याचं कॅलेंडर. मोरीतलं पायपुसणं. माझी काठीसुद्धा! त्या जागी पांढऱ्या उशा आल्या आणि एक काचेचं भांडं, त्यात लिंबं. हात लावला तर खोटी.

"इथे कुणी राहतं असं दिसता कामा नये. इथे आपण राहावं असं वाटलं पाहिजे." हे त्यांचंच वाक्य. दुपारभर डोक्यात फिरतंय.

मग नेमका तो प्रश्न. "वरची दक्षिणेकडची खोली? नकाशात सगळ्यात मोठी तीच दिसतेय."

"बंद असते. अडगळ आहे."

तेवढ्यात वर फळी वाजली. त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मांजर," मी म्हटलं.

आमच्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं.

१३ नोव्हेंबर

पाऊस. फोटो नाहीत.

१४ नोव्हेंबर

पाऊस. निशिवाकीबाईंचा फोन — "ऊन पडलं की लगेच येते." आमच्या मैझुरूत, या महिन्यात, ऊन! बसा वाट बघत.

१६ नोव्हेंबर

चिगुसाचा ओसाकाहून फोन. नेहमीसारखी सुरुवातच भांडणानं.

"आई, दलालाला सांगितलंस का?"

"सांगेन."

"अगं, तू घर विकायला काढलंयस आणि त्यातल्या एका खोलीत माणूस आहे! कपाट नव्हे, माणूस!"

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच म्हणतेय."

तिचं बरोबर आहे. वसंतात पायऱ्यांवरून घसरले तेव्हापासून कंबर धड नाही. रस्त्यापासून घरापर्यंत सगळा चढ. पावसात तर बाजारात जायचीच भीती वाटते. चिगुसानं दवाखान्याजवळ सपाटीवरचं दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. एक खोली माझी, एक हिसाची. जणू हिसाला उचलून उशीसारखं तिथे ठेवता येणार आहे.

हिसानोरी शेहेचाळीस वर्षांचा झाला. नागोयाची नोकरी सोडून आला तेव्हा पंचविशीत होता. "जरा विश्रांती घेतो," म्हणाला आणि वर गेला. तेवढंच. मी जेवण वर नेते, भांडी रिकामी परत येतात. मी बाजारात गेले की खाली उतरतो, अंघोळ करतो. ओल्या टॉवेलवरून कळतं. हे गेले तेव्हा मी दाराबाहेरून सांगितलं. आतून एकच शब्द आला — "कधी?" त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर आवाज नाही.

घर विकतोय हेही त्याला मी दाराबाहेरूनच सांगितलं. उत्तर नाही. नकारही नाही. मी तेच धरून बसले.

१९ नोव्हेंबर. ऊन!

सकाळी आठलाच निशिवाकीबाई हजर. तिपाईवर कॅमेरा. सगळे दिवे लावले, सगळे पडदे सारले. टेबलावर दोन कप, पाव, फुलं. दोन कप कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, "एक कप ठेवला की घर ओकंबोकं दिसतं."

मला अंगणात उभं केलं. मी फोटोत नको होते. माझी सावलीसुद्धा नको होती.

कॅमेऱ्याच्या मागे त्यांनी एकदा मला बघू दिलं. आमची बैठकीची खोली! दुप्पट मोठी. जमीन चकाकतेय, खिडकीत खाडी. इतका उजेड होता या घरात? मग आम्ही सगळे कुठे बसत होतो? रडू आलं. उन्हानं डोळे दुखतात म्हटलं.

मग त्या वर गेल्या. मला जिना चढायला वेळ लागतो. पोचले तेव्हा त्यांचा हात दक्षिणेच्या दारावर टकटक करायला उचललेला. मी धरलाच तो.

"मुलगा आहे," मी म्हटलं. "आत मुलगा आहे माझा."

बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं. त्या काही विचारतील म्हणून मी तयारीत होते — काय करतो, किती वर्षांचा, आजारी आहे का. त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बरं." मग जिन्याचा एक फोटो काढला. दार दिसणार नाही असा.

जाताना पायात बूट घालत म्हणाल्या, "काकू, मांजर मला त्याच दिवशी पटलं नव्हतं."

२५ नोव्हेंबर

घर इंटरनेटवर लागलं. चिगुसानं शिकवल्याप्रमाणे फोनवर बघितलं. सुंदर आहे. कुणाचं तरी आहे.

भाजीच्या दुकानात ओकुनोबाई भेटल्या. शेजारीण, नजरेतून काही सुटायचं नाही. "बघितले हं फोटो! हॉटेलच वाटतंय अगदी! आणि हिसानोरी? नागोयालाच ना अजून?"

"हो. नागोयालाच."

"लग्नबिग्न?"

"कामातून वेळ कुठे मिळतो."

मुळा न घेताच घरी आले.

३ डिसेंबर

उराबेसान आले. तरुण आहेत, उत्साही. आज उत्साह नव्हता.

"बघणारे पुष्कळ आहेत, काकू, पण सगळे तिथेच अडतात. खाडी दिसणारी खोली, आणि फोटोच नाही! लोक काय काय विचारतात. गळतं का? वाळवी आहे का?" मग आवाज उतरला. "रागावू नका, पण विचारावंच लागतं. त्या खोलीत कुणी वारलंय का? तसं असलं तर आधी सांगायचा नियम आहे."

"नाही हो! जिवंत आहे!"

तोंडातून निघून गेलं. खोली जिवंत कशी असेल? त्यांनाही कळलंच.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, नकाशावरून खोलीचं चित्र संगणकावर करता येतं. रिकामी, सजवलेली. खाली 'काल्पनिक चित्र' असं लिहायचं. आजकाल सगळेच करतात.

मी करा म्हटलं.

७ डिसेंबर

चित्र आलं. उराबेसाननी मोठ्या कागदावर छापून पाठवलं, मला फोनवर नीट दिसत नाही म्हणून. फिकट लाकडी जमीन. पांढरा पडदा. खिडकीपाशी एक खुर्ची, बाजूला झाड. बाहेर निळी खाडी.

हिसा नाही.

किती स्वच्छ दिसते खोली तो नसला की! हा विचार माझाच. कुणी घातला नाही माझ्या डोक्यात.

वर गेले आणि कागद दाराखालून आत सरकवला. का, ते ठाऊक नाही. राग आला होता बहुतेक. त्याचा, की त्या खुर्चीचा!

८ डिसेंबर

जेवण तसंच. शिवलेलंही नाही.

९ डिसेंबर

आजही तसंच. भाजलेला बांगडा केला होता, त्याच्या आवडीचा. दाराला कान लावून उभी राहिले. श्वास ऐकू येतोय असं वाटलं. कदाचित माझाच असेल.

चिगुसाला फोन केला नाही. काय सांगू? तुझ्या भावाला मी त्याच्याशिवायची खोली दाखवली म्हणून?

१० डिसेंबर

कागद परत आला. दाराखालून अर्धा बाहेर. वर पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर शाळेतलंच आहे अजून, उजवीकडे कललेलं.

'पूर्वेला छोटी खिडकी आहे. विसरलात.'

'कपाटाचं दार सरकतं. उघडत नाही.'

आणि भिंतीवर, त्या खोट्या झाडाच्या बरोबर मागे, एक गोल. 'इथे खड्डा आहे. माझ्या डोक्याचा.'

भिंतीवरचा तो ठक ठक आवाज मी ऐकलेला आहे. एका हिवाळ्यात रोज यायचा. काहीतरी ठोकतोय, फळी बसवतोय, असं वाटायचं. हे म्हणायचे, "चला, हात तरी चालवतोय."

जिन्यावरच बसले.

आज जेवला.

१४ डिसेंबर

बोलला! नीट लिहून ठेवते.

मी जेवण ठेवलं आणि परत फिरले नाही. उभीच राहिले. कंबर ठणकत होती. शेवटी आतून —

"आई, गेली नाहीस?"

"नाही."

आवाज जाड झालाय. ह्यांच्यासारखा. क्षणभर वाटलं हेच आत आहेत.

"ते चित्र काढून टाक."

"दुसरं करून घेते. तू लिहिलंस तसं."

"दुसरं नको. खोटं काहीच लावू नकोस. रिकामी जागा राहू दे."

"मग घर विकलं जायचं नाही, हिसा."

तो म्हणाला, "सपाटीवरच्या घरात मी येणार नाही."

मला वाटलं, झालं, आता इथेच, दोघंही, शेवटपर्यंत. पण तो थांबत थांबत बोलत होता. "चिगुसाताईनं कागद पाठवला होता. अयाबेचा. माझ्यासारखे चार-पाच जण एकत्र राहतात तिथे. चहाचा मळा आहे." तो कागद मी भाताच्या झाकणावर ठेवून वर नेला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. मला वाटलं फेकला असेल. "तिथे विचार," म्हणाला.

"माझ्याबरोबर का नाही?"

"तू पुन्हा जेवण वर आणशील."

"तिथे जिनाच नाही रे!"

हसला. नक्की हसला. मग म्हणाला, "जिना नसला तरी आणशील."

१५ डिसेंबर

चिगुसा फोनवर रडली. मग मलाच ओरडली, "इतकी वर्षं कुणी त्याला विचारलंच नाही!" मी विचारलं होतं. विचारलं होतं ना?

चित्र काढून टाकायला सांगितलं. उराबेसान म्हणाले, "म्हणजे परत पहिल्यासारखं, काकू." हो, पहिल्यासारखं.

९ जानेवारी. बारीक बर्फ

अयाबेहून गाडी आली. बरोबरची बाई हसतमुख होती, घाई केली नाही.

हिसानं सांगून ठेवलं होतं, निघताना बघू नकोस. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. जिना वाजला. एकेक पायरी, मध्ये थांबत. मग दार.

वळून बघितलंच मी. खिडकीतून. पाठ दिसली. ह्यांचा कोट, आखूड होत होता. केस मानेपर्यंत आणि निम्मे पांढरे. वर गेला तेव्हा पोरगा होता. पायऱ्या उतरताना हात हवेत धरल्यासारखे, जणू जमीन हलतेय. त्या बाईनं हात पुढे केला, त्यानं घेतला नाही. रस्त्यावर पोचल्यावर घेतला.

वर बघितलं नाही. बरंच झालं. मी खिडकीत होते.

१० जानेवारी

भात दोघांचा लावला गेला.

१३ जानेवारी

खोलीत गेले. वास येईल म्हणून नाकाला रुमाल धरला होता. त्यानं सगळं पुसून ठेवलं होतं. कोपऱ्यात पुस्तकं दोरीनं बांधलेली. पूर्वेची खिडकी — मी खरंच विसरले होते. खड्ड्यावर हात ठेवला. माझ्या खांद्याच्या उंचीला आहे. म्हणजे बसून नाही, उभ्यानं वाकून डोकं आपटायचा. मग हात काढला.

निशिवाकीबाई दुपारी आल्या, उराबेसाननी पाठवलं. दारातच थांबल्या. "उजेड छान आहे," एवढंच म्हणाल्या आणि कॅमेरा काढला.

"राहू द्या," मी म्हटलं. "अजून नको."

"उराबेसान माझ्यावर चिडतील."

"माझं नाव सांगा."

कॅमेरा परत पिशवीत ठेवला. मग दोघींनी खाली बसून माशाच्या वड्या खाल्ल्या, चहा घेतला. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले म्हणे. वडिलांच्या घराचे फोटो त्यांना काढता आले नाहीत, दुसऱ्याला बोलवावं लागलं.

२० जानेवारी

अयाबेहून फोन. तो नाही, ती बाई. "जेवायला टेबलापाशी येतो. बोलत नाही अजून." बरोबर कोण कोण बसतं ते विचारायचं राहिलं.

२७ जानेवारी

गिऱ्हाईक आलं! हातानाका नावाचं जोडपं, साठीचं, फुकुचियामाहून. उराबेसान पुढे पुढे करत होते. नवरा खांब ठोकून बघत होता, गच्चीवरून खाडी बघत होता. बायकोनं मात्र निशिवाकीबाईंची लिंबं बघितली नाहीत, स्वयंपाकघर बघितलं नाही. चढ त्रासाचा आहे हे मी मुद्दाम सांगितलं. मान डोलावली फक्त.

"वर बघू का?"

दक्षिणेच्या खोलीत खिडकीकडे गेलीच नाही. दारातच उभी. मग विचारलं, "वरच्या मजल्यावर संडास आहे?"

"आहे."

"बरं," म्हणाली. तोंडावर काही दिसेना. उराबेसान नंतर म्हणाले, "आशा ठेवू नका, काकू. फोटो नव्हता म्हणून नाराज असतील."

३० जानेवारी

हातानाकाबाई आज एकट्याच आल्या. घर घेतायत. आत आल्या नाहीत, छत्री घेऊन दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सगळ्या घराचे फोटो होते आणि त्या एकाच खोलीचा नव्हता. तेव्हाच कळलं मला. आमचा एकतीस वर्षांचा आहे." मग आवाज अगदी बारीक करून — "जेवण दाराच्या कुठल्या बाजूला ठेवायचात?"

डावीकडे, मी म्हटलं. दार बाहेर उघडतं.