न केलेली चोरी कबूल करा म्हणे

सोमवार, ३ डिसेंबर १९७९

आधी नरसम्मा आली, मागनं तिची सून लक्ष्मी. नरसम्माच्या लेकाला, श्रीनिवासला, चादरी चोरल्याचा आळ घेऊन मागाच्या कारखान्याच्या मालकानं आत घातलंय. जामीन राहायला कुणी नाही, म्हणून अजून आतच. गरिबांना सरकारकडनं फुकट वकील मिळतो ना, त्याच्या हाताखाली आमची नात सुमी शिकतेय. तुरुंगात जाऊन श्रीनिवासची हकीकत तिनंच लिहून आणली. माझी सुमी! कौतुकानं मी चहात दोनदा साखर घातली.

वाटलं, आभार मानायला आल्यात. तर लक्ष्मी सुमीला म्हणती, "ताई, त्यास्नी कबूल करू द्या की. भोगली तेवढीच शिक्षा धरून सोडतील, वकीलसाहेब म्हणले. तुमीच नगं म्हणून सांगितलंय."

"पण चोरी त्यांनी केलीच नाही ना?" सुमीनं विचारलं.

"न्हाई केली. पण घरी तर येतील."

माझं डोकं फिरलं. खोटं बोलला तर घरी, खरं बोलला तर आत! मग चोर म्हणून सुटलेल्याला मागावर कोण बसवंल? काय म्हणावं या वकिलाला!

मी म्हणाले, "घर माझ्या नावावर हाय. मी राहते जामीन."

आतनं आमचा बाळू ओरडला, "आई, अगं विचार तरी कर!"

केला की विचार. न केलेली चोरी कबूल करा म्हणे!

नरसम्मा उठली. "कबुली का जामीन, त्यालाच विचारतो," म्हणाली. बेस्तरवारी तुरुंगातली भेट झाली, की दोघी सरळ इकडंच येणार आहेत.